शालनच्या दंडावरची देवी

लोणंद
२४ नोव्हेंबर १९७४

चि. पद्मास आजीचा आशीर्वाद.

भाऊबिजेनंतर टाकलेलं तुझं पत्र परवा मिळालं. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं बारीक अक्षर लिहू नये. डोळे माझे हायेत, पोस्टमास्तरचे न्हाईत. चार वेळा वाचलं तवा समजलं ते असं. जावयांनी कुवेतहून कागद धाडलाय. बायकोला आणि पोरीला तिकडं राहायची परवानगी मिळाली. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत तिथं पाय लागला पाहिजे, न्हाईतर कागद बाद. मग दुसरा कागद मिळायला दोन वर्षं. बरोबर? पुढच्या वेळी एवढं चार ओळींत लिही आणि उरलेल्या जागेत पोरीचं लिही. दात आले का तिला?

आता तुझ्या सासूचं. विहीणबाई म्हणतात, सात-आठ महिन्यांची पोर बोटीवर कुठं न्यायची, इथं सांगलीत ठेव, तू एकटी जा. ठेव म्हणायला सोपं हाय. मी एकदा ठेवून घेतलंय. तुझी आई गेली तवा तू दीड वर्षाची होतीस. सहा महिने दाराची कडी वाजली की तू उठून बसायचीस. मी तुला धपाटा घालून निजवायची. हे मी कुणाला सांगत न्हाई, तुलाबी सांगणार नव्हते.

तवा पोर घेऊन जा. पण हसत-खेळत जाशील असं समजू नको. तुला काखेत मारून एकदा साताऱ्याला नेलं होतं, तर एसटी सात वेळा थांबवायला लागली. कंडक्टर म्हणाला, "म्हातारे, चालत का गेली न्हाईस?" तवा मी म्हातारी नव्हते. आता तुझी तर आठ-नऊ दिवसांची बोट हाय, आणि बोट थांबवायला मध्ये काही न्हाई.

लंगोट जुन्या धोतराचे कर. नवं कापड पोरीच्या अंगाला करकरतं. शहाण्या बायका दुकानातलं घेतात आणि मग पोर का रडतं म्हणून डॉक्टरला विचारतात. बाळगुटीची सहाण आणि मुळ्या वेगळ्या पुरचुंडीत बांध.

तुझी आजी
अंबूबाई

*

विश्रामबाग, सांगली
१५ डिसेंबर १९७४

ती. आजीस, पद्माचा नमस्कार.

खालचे दोन दात आले. चावते. आता अक्षर मोठं काढते आहे, कागद कमी पडला तर मला बोलू नकोस.

आजी, मी अजून घरातून निघालेसुद्धा नाही आणि दमून गेले. पासपोर्टला शालनचा फोटो लागतो. फोटोवाला म्हणाला, डोळे उघडे पाहिजेत, तोंड बंद पाहिजे, आणि मागे पांढरा पडदा. शालनचे डोळे उघडले की तोंड उघडतं, तोंड बंद झालं की ती झोपलेली असते. शेवटी मामंजी पडद्यामागे बसले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं. फोटो छान आला. पंधरा दिवसांनी कागद परत आले, कारण पोरीच्या काखेत मामंजींचा अंगठा दिसतो. सासूबाई म्हणाल्या, "अंगठा घरचाच आहे, त्यात काय झालं?" पुन्हा फोटो काढला. शालन आता फोटोवाल्याला बघितलं की घराच्या दारातूनच रडते.

बोट मुंबईहून तीस जानेवारीची मिळाली आहे. ती चुकली तर चौदा फेब्रुवारीची, आणि ती कुवेतला बावीस-तेवीसला लागते. त्यानंतरची कागदात बसत नाही.

राहिलं देवीचं. दोघींनाही देवी टोचल्याचा दाखला पाहिजे, नाहीतर बोटीवर घेत नाहीत. माझं झालं. शालनला पहिल्यांदाच टोचायची, म्हणून तिचा नियम वेगळा. टोचल्यावर आठ दिवसांनी इथले डॉक्टर दंड बघणार. फोड आला असला तर लागली, मग शिक्का. नाही आला तर पुन्हा टोचायचं आणि पुन्हा आठ दिवस. इथली लस संपली आहे. तुमच्या लोणंदच्या दवाखान्यात आहे का विचारून ठेवशील? मी संक्रांतीला येते. ह्यांनी अजून पोरीला बघितलेलं नाही, ती पोटात असतानाच गेले. पत्रात विचारतात, नाक कुणासारखं आहे. काय लिहू, नाकासारखं नाक आहे.

तुझी
पद्मा

*

लोणंद
२२ डिसेंबर १९७४

चि. पद्मास,

दवाखान्यात जाऊन आले. लस हाय. टोचणारा सोमवारी येतो. तेरा तारखेला सोमवार हाय, भोगी. दुसऱ्या दिवशी संक्रांत. पोरीचं बोरन्हाण इथंच करू. बोरं आमच्या बांधावरची हायेत, ऊस साळूबाईच्या मळ्यातला आणू. चुरमुरे तेवढे बाजारातनं. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर बोरं ओतायची आणि शेजारच्या पोरांनी ती लुटायची, एवढाच काय तो सोहळा. तुझ्या सांगलीतल्या बायका म्हणं काळी झबली आणि हलव्याचे दागिने करतात. करू देत. मुंग्या लागतात.

तू दमलीस म्हणतीस. दमायला अजून सुरुवात व्हायचीय. तुझ्या आज्याला लढाईत बोटीनं बसऱ्याला नेलं होतं. परत आले तवा कुणी काय विचारलं तर एवढंच सांगायचे, "पहिले तीन दिवस काही खायचं न्हाई, चौथ्या दिवशी खाल्लेलं पोटात राहतं." पण त्यांच्या अंगावर पोर पीत नव्हतं. तू न खाता राहिलीस तर दोघी उपाशी. सुकी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भाजलेलं नाचणीचं पीठ, हे घे. पोरीसाठी मऊ भाताचा तांदूळ भाजून जाडसर दळून घे.

पोरीला कुणाच्याबी मांडीवर बसायची सवय लाव. फक्त आईला ओळखणारं पोर घरात गोड वाटतं, प्रवासात आईचा जीव घेतं. तुला न्हाणीत जायचं झालं तर बोटीवर कोण धरणार हाय तिला? सासूकडं दे, शेजारणीकडं दे, रडली तर रडू दे.

टोचायचं म्हणतीस तर टोचू. सुईबद्दल मी काही बोलत न्हाई.

आजी

*

विश्रामबाग, सांगली
२२ जानेवारी १९७५

ती. आजीस, नमस्कार.

वाईट बातमी आहे. काल डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शालनची बाही वर केली, खिडकीपाशी नेऊन दंड बघितला, मग दुसरा दंड बघितला, मग मला विचारलं, "बाई, टोचलंय कुठं?" फोड नाही. साधी लालीसुद्धा नाही. मी लोणंदची चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, चिठ्ठीवर टोचलं असेल, पोरीवर लागलेली नाही.

रात्रभर आठवत होते काय चुकलं. सोमवारी टोचलं तेव्हा मीच हात धरला होता. घरी आल्यावर तर तिला मी अंघोळसुद्धा घातली नाही. दुसऱ्या दिवशी बोरन्हाण झालं. बोरं लागली असतील का? की न्हाणाचं पाणी? डॉक्टर म्हणाले एक दिवसानंतर पाण्यानं असं होत नाही, काही पोरं अशी असतात की त्यांना लागतच नाही, दोनदा, तीनदा टोचावं लागतं.

तीसची बोट हातची गेली. तिकीट चौदा फेब्रुवारीचं करून घेतलं. इथे लस तीन फेब्रुवारीला येणार. त्या दिवशी टोचलं की अकराला दंड बघणार. अकराला शिक्का मिळाला तर बाराला मुंबई. मध्ये एकसुद्धा दिवस रिकामा नाही.

घरात बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, "देवीच्या मनात नाही, ती पोरीला जाऊ देत नाही, अजून काय सांगायचं तिनं?" मामंजी एरवी गप्प असतात. तेही म्हणाले, अकराला लागली नाही तर सूनबाईनं एकटीनं जावं, मिरजेचं एक कुटुंब त्याच बोटीनं निघालं आहे, सोबत होईल. कागद घालवायचा नाही. पोर दोन वर्षांनी आणू.

मी हो म्हणाले. काय करू? दोन वर्षं ते तिकडे आणि आम्ही इकडे, हेही मला झेपत नाही. ठेवायचीच वेळ आली तर मात्र मी शालनला इथे ठेवणार नाही, तुझ्याकडे ठेवीन, एवढं सांगितलं आहे. चालेल ना तुला?

पद्मा

*

लोणंद
२५ जानेवारी १९७५

चि. पद्मास,

पत्र पोचलं. रडत बसू नको, दूध आटेल.

टोचणारा म्हातारा होता. हात कापत होता त्याचा, मी बघितलं. लस शिळी असंल. दवाखान्याचं काय सांगावं. बोरन्हाणाला दोष देऊ नको, तुझंबी बोरन्हाण केलं होतं.

पोरीला ठेवायची वेळ आली तर इथं जागा हाय. पाळणा माळ्यावर हाय. तुझ्या मामाला, लालासाहेबाला, पलटणीतनं सुट्टी मिळंल तवा तोच काढून देईल, न्हाईतर मी काढीन. माझं गुडघं सोडलं तर बाकी सगळं चालतंय. त्याची काळजी तू करू नको.

जास्त लिहायला वेळ न्हाई. कांद्याला पाणी द्यायचंय.

आजी

*

विश्रामबाग, सांगली
२८ जानेवारी १९७५

ती. आजीस,

तू "काळजी करू नको" असं कधी लिहीत नाहीस. ते वाचून मला जास्त भीती वाटली.

मी शालनला अंगावरून तोडायला सुरुवात केली आहे. अकरापर्यंत थांबले आणि मग एकदम सोडून गेले तर ती वरचं दूध घेणार नाही. आत्तापासून सवय पाहिजे. सासूबाईंनी कोरफडीचा गर लावायला सांगितला. परवापासून लावते. पहिल्यांदा तिनं तोंड लावलं आणि ओठ वेडेवाकडे केले. मला वाटलं रडेल. रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जणू कुणी भलतीच बाई आहे का हे तपासते आहे. मग पुन्हा तोंड लावलं. पुन्हा कडू. मग हळूच माझ्या पदरानं स्वतःची जीभ पुसायला लागली.

आज तिसरा दिवस. आज ती जवळ येत नाही. वाटीतलं दूध सासूबाईंच्या हातून प्यायली. सगळे म्हणाले, किती शहाणी पोर आहे.

आता मला लस लागेल अशी आशाच वाटत नाही. एकदा लागली नाही ती दुसऱ्यांदा कशी लागेल? मी ह्यांना लिहून टाकलं, बहुतेक एकटीच येते.

पद्मा

*

लोणंद
१ फेब्रुवारी १९७५

पद्मा,

हे पत्र मी पोस्टात टाकत न्हाई. उद्याच्या पॅसेंजरनं सांगलीला येतेय, आल्यावर तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला बसले तर मी तुझ्याच चुका काढीन. माझा स्वभाव मला ठाऊक हाय. वाचून झाल्यावर बोलायचं तर बोल. न्हाई बोललीस तरी चालंल.

टोचणाऱ्याची काही चूक नव्हती. त्याचा हात कापत नव्हता. लसबी चांगलीच असंल. त्या सोमवारी आपण दवाखान्यातनं घरी आलो आणि तू साळूबाईच्या मळ्यात ऊस आणायला गेलीस. तू फाटकाबाहेर पडलीस तशी मी पोरीची बाही वर केली, दंड कडूलिंबाच्या पाण्यानं धुतला, दाबून दाबून पुसला आणि वरनं चुलीतली राख चोळली. पोर हसत होती. तिला वाटलं मी खेळतेय. तू ऊस घेऊन आलीस तवा बाही खाली होती.

आमच्या वेळी सगळ्या बायका हेच करायच्या. टोचणारा एका आळीतनं दुसऱ्या आळीत गेला की सगळ्या आपापली पोरं घेऊन मोरीवर. तुझ्या आईचा दंड मी धुतला. लालासाहेबाचा धुतला. त्यांच्या आधी मला एक मुलगा झाला होता, गुंडा. तो तुला ठाऊक न्हाई. त्याचा धुतला न्हाई, कारण तुझ्या आज्यानं बजावलं होतं, सरकारी काम हाय, हात लावायचा न्हाई. त्याचा हात कोपरापर्यंत सुजला. बाराव्या दिवशी गेला. सुईनं गेला का आणि कशानं, ते सांगायला तवा कोण डॉक्टर होता? मी माझ्यापुरतं ठरवलं आणि पुढची पोरं धुतली.

शालनचा दंड धरला तवा बोटीचा विचार डोक्यात आलाच न्हाई. तुझा न्हाई, कागदाचा न्हाई. हात आपोआप गेले.

आता कामाचं नीट वाच.

लस तिला लागते. पोरीत काही खोट न्हाई. तीन तारखेला टोचलं की कुणी धुतलं न्हाई तर लागंल.

विहीणबाई माझ्याच वयाच्या हायेत. त्यांनीबी मोरीवर पोरं धुतलेली असणार. मनात वाईट नसलं तरी हात जातो, ते मी सांगते. तवा आठ दिवस पोर त्यांच्याजवळ एकटी द्यायची न्हाई. माझ्याजवळ तर न्हाईच. मी विहीणबाईंच्या समोर बसेन, तू आमच्या दोघींच्या समोर बस.

फोड येईल, ताप येईल, दंड लाल होईल. तवा मी घाबरेन आणि काहीबाही बोलेन. माझ्याकडं लक्ष देऊ नको, डॉक्टरला विचार.

नातीच्या सासरचं पाणी मी पिणार न्हाई, एवढ्यासाठी रीत मोडत न्हाई. भाकरी बांधून आणते. पाण्याची कळशीबी आणते. व्हरांड्यात निजेन.

आणि ती कोरफड धुऊन टाक. हे वाचून होताच.

आजी

*

कुवेत
२ मार्च १९७५

ती. आजीस, पद्माचा नमस्कार.

आम्ही दोघी पोचलो. तेवीस फेब्रुवारीला उतरलो. हे पत्र लिहायला एक आठवडा लागला, कारण जमीन अजून हलते आहे.

बोटीच्या पोटात लोखंडी दोन मजली पलंग होते, शंभरेक माणसं. मला वरचा पलंग दिला होता. तान्ह्या पोरीला घेऊन वर! मिरजेच्या बाईंनी भांडून खालचा मिळवला. पहिले दोन दिवस मी डोकं वर करू शकले नाही. शालनला काहीच झालं नाही. ती माझ्या पोटावर बसून ओकणाऱ्या माणसांकडे बघून टाळ्या वाजवत होती. आज्यांचं म्हणणं खरं होतं, फक्त मला तीन नाही, दोनच दिवस लागले.

गोडं पाणी दिवसाला एक बादली. त्यातच पिणं, त्यातच सगळं. लंगोट खाऱ्या पाण्यात धुतले तर वाळल्यावर पत्र्यासारखे कडक झाले आणि पोरीच्या मांड्या सोलून निघाल्या. केरळची एक नर्स होती. तिनं खुणा करून सांगितलं की शेवटचा एक तांब्या गोड्या पाण्याचा आणि वर खोबरेल. माझ्या वाट्याचं पिण्याचं पाणी त्यात जाऊ लागलं. चौथ्या दिवशी ताप आला. शालनला नाही, मला. मग तिला मिरजेच्या बाईंनी घेतलं, नर्सनं घेतलं, दाढीवाल्या एका आजोबांनी घेतलं. सगळ्यांच्या मांडीवर बसली. तू लिहिलं होतंस ते मला तेव्हा पटलं.

मस्कत, दुबई, बहरीन सगळीकडे बोट थांबली. आम्हाला उतरू दिलं नाही. नुसते दिवे बघितले. पाचव्या दिवशी शालन पलंगाची दांडी धरून उभी राहिली. बोट हलली की बसायची, पुन्हा उभी राहायची.

कुवेतला डॉक्टर बोटीवर चढले. सगळ्यांचे दाखले बघितले, पण पोरांची बाही वर करून बघत होते. आमच्या मागे एका बाईला थांबवलं. शालनच्या दंडावरची खपली अजून होती. त्यांनी बोट लावून बघितलं आणि पुढे जा म्हणाले. बाहेर हे उभे होते. शालननं त्यांना बघितलं आणि त्या फोटोवाल्याला बघून रडायची तशी रडली. ते म्हणाले, नाक माझं आहे.

आजी, आता मनातलं लिहिते. सांगलीत मी नऊ दिवस तुझ्याशी बोलले नाही. आणलेली भाकरी संपल्यावर तू शेजारच्या राहीबाईंच्या घरी जाऊन जेवत होतीस, येऊन शालनच्या दंडासमोर बसत होतीस. फोड पिकला त्या दिवशी तू आपले दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली होतीस. ते मी बघितलं. तरी बोलले नाही. गाडीत बसतानासुद्धा नुसतं वाकून नमस्कार केला. बोटीवर ताप होता तेव्हा तुझ्यावर खूप चिडले. वाटलं, तीसला निघाले असते तर पोरीनं कडू चाटलं नसतं.

ती परत अंगावर पिते. पण आधी जीभ लावून बघते, मग पिते. अजून.

एकच विचारते. गुंडामामाचं तू लिहिलंस ते मला पटलं. पण तू शालनला ठेवून घ्यायला तर तसं केलं नव्हतंस ना? खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी लांब आहे.

तुझी
पद्मा

*

लोणंद
२० मार्च १९७५

चि. पद्मास, चि. शालनास आजीचा आशीर्वाद. जावयांना सांग, नाक त्यांचं असलं तर पोरीची दया येते.

विमानाचं पत्र आलं. पोस्टमास्तरनं तिकीट काढून घेतलं त्याच्या पोरासाठी, मी दिलं. पत्र सहा वेळा वाचलं. अक्षर मोठं होतं, पण डोळे चांगले न्हाईत आता.

सांगलीला मला जास्त दिवस राहायला लागलं, हे बरं झालं असं मी म्हणणार न्हाई. व्हरांड्यात डास होते. विहीणबाई रोज संध्याकाळी मला म्हणायच्या, "अंबूबाई, एक घोट चहा घ्या की, चहा काय पाणी हाय व्हय?" मी म्हणायची, पाण्याशिवाय केला असंल तर द्या. शेवटच्या दिवशी त्याच मला म्हणाल्या की पहिल्या रात्री त्यांनी कडूलिंबाचा पाला तोडून ठेवला होता. मी समोर बसलेली बघून बकरीला घातला. मी हसले न्हाई, त्यापण हसल्या न्हाईत.

नऊ दिवस बोलली न्हाईस, ते बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर बोलले असते, आणि ते तुला ऐकवलं नसतं.

आता तुझ्या प्रश्नाचं.

दंड धुतला तवा ठेवून घ्यायचं मनात नव्हतं. तुझ्या आईची शपथ घालायची तर घाल. ते हातानं केलं.

पण तुझं बावीस तारखेचं पत्र आलं, फोड न्हाई म्हणून, तवा मला लगेच कळलं होतं. पहिल्याच ओळीला कळलं. त्याच दिवशी कळवलं असतं तर कोरफड लागली नसती. मी काय लिहिलं, ते तुला ठाऊक हाय. टोचणारा म्हातारा होता म्हणून लिहिलं. आणि आठवडाभर गप्प बसले. ते हातानं केलं न्हाई. ते विचार करून केलं. पोर तुझ्याकडं ठेवीन असं तू लिहिलं होतंस. ती ओळ मी चार वेळा वाचली. लालासाहेब वर्षातनं एकदा येतो. घरात दिवसभर बोलायला भांडी हायेत.

तीस तारखेच्या गुरुवारच्या बाजारातनं मी एक शेळी आणली. पहिल्या वेताची, पांढरी, कपाळावर काळा ठिपका. म्हशीचं दूध एवढ्या लहान पोराला जड पडतं, तुलाबी मी शेळीच्याच दुधावर वाढवलं. दावं बांधलं, दाराशी खुंट ठोकला. साळूबाईनं विचारलं तर म्हणाले, माझ्या गुडघ्याला शेळीचं दूध सांगितलंय. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तुझं पत्र आलं. पोरीनं तुझ्या पदरानं जीभ पुसली ते वाचलं. सकाळची धार काढून भांडं चुलीवर ठेवलं होतं, ते उतू गेलं.

शनिवारी बसून ते पत्र लिहिलं, रविवारी गाडीत बसले.

एवढं खरं हाय. आता रागाव.

शेळी अजून हाय. विकायला दोनदा नेली, दोनदा परत आणली. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड शेर देते. चहा त्याचाच करते. वास मारतो.

आजी